मागचे दोन

घड्याळजींचं म्हणणं सरळ होतं. हल्ली टीव्हीवरची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. पूर्वीचे नट कसे, शब्द न् शब्द सुटा करून हातावर ठेवायचे. आताचे हिरो पुटपुटतात, मान फिरवतात आणि पाठमोरे चालू पडतात. समजणार काय माणसाला, कपाळ? म्हणून घड्याळजी आवाज वाढवायचे. मग शेजारीण मधली भिंत ठोकायची, ते ठोकणं त्यांच्या गावीही नसायचं, आणि बायको स्वयंपाकघरातून येऊन रिमोट काढून घ्यायची.

नवा टीव्ही लेकीनं दिलेला होता. पातळ, भिंतीला चिकटलेला, आणि आवाज येणार मागच्या बाजूनं. हा भिंतीला गोष्ट सांगतोय, आपल्याला नाही, असं घड्याळजी म्हणायचे आणि त्यात अगदीच तथ्य नव्हतं असंही नाही. पण एका सुट्टीच्या दिवशी लेक आली, बेल दाबून दाबून तिचं बोट दुखलं, शेवटी आईला फोन केला तेव्हा कुठे दार उघडलं. आत येऊन बघते तर वडील दाराशेजारच्याच खुर्चीत पेपर वाचत बसलेले. तिनं चप्पलसुद्धा काढली नाही. "बाबा," ती म्हणाली, "एकदा कान दाखवून घ्या."

झालं. घड्याळजींचा पारा असा चढला की बेलच बिघडली आहे, टीव्हीच बिघडला आहे, एवढंच काय तर दार तयार करणाऱ्यालाही अक्कल नव्हती, इथपर्यंत गाडी गेली. बायको काहीतरी बोलली, पण ती त्यांच्या पाठीमागे उभी होती.

आता हा माणूस एवढा का भडकला, ते सांगायला हवं. घड्याळजींचं दुकान म्हणजे रस्त्याच्या कोपऱ्यावरची एक चिंचोळी खोली. एक गिऱ्हाईक बाहेर पडल्याशिवाय दुसऱ्याला आत शिरता येत नाही. तरीही लांबून लांबून लोक यायचे ते त्यांच्या कानासाठी. घड्याळ हातात घ्यायचं, कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि सांगायचं, तेल सुकलंय. किंवा, चाल लंगडतेय, कुणीतरी आपटलंय हे. मागचं झाकण न उघडता. गिऱ्हाईक खजील होऊन कबूल करायचं की हो, मोरीत पडलं होतं. या कानावर त्यांनी संसार केला, लेकाला आणि लेकीला शिकवलं, आणि चारचौघांत मान मिळवला.

आणि अलीकडे काय झालं होतं, तर घड्याळ कानाला लावलं की आत काही नसायचं. चालू घड्याळ, काटा पळतोय डोळ्यांसमोर, आणि कानात मात्र शुकशुकाट. घड्याळजींनी गुपचूप एक यंत्र आणलं, घड्याळाची चाल पडद्यावर दाखवणारं. असल्या यंत्राची त्यांनी जन्मभर टिंगल केली होती. ते त्यांनी टेबलाखाली ठेवलं. गिऱ्हाईक आलं की पूर्वीसारखंच घड्याळ कानाला लावायचं, डोळे मिटायचे, मान हलवायची, मग काहीतरी खाली पडल्याचं सोंग करून वाकायचं आणि यंत्रात बघून यायचं. हे बायकोला माहीत नव्हतं. घड्याळजींना भीती वाटत होती, खरी गोष्ट ही. डॉक्टरनं एकदा तोंडानं सांगितलं की संपलं. मग ते कोण, तर सेल बदलून देणारे एक आजोबा.

म्हणून त्यांनी लेकीशी पैज लावली. दोष टीव्हीच्या आवाजात आहे, हे मी सिद्ध करून दाखवतो. लेकाचा जुना कॉम्प्युटरचा स्पीकर सेट घरात पडून आहे, पाच स्पीकर आणि एक मोठा डबा. तो टीव्हीला जोडतो. मग बोलणं स्वच्छ ऐकू आलं, तर कानाचा विषय या घरात कायमचा बंद. नाही आलं, तर तुम्ही म्हणाल त्या डॉक्टरसमोर जाऊन बसतो. लेकीनं हात पुढे केला, बापानं टाळी दिली.

लेक परदेशी गेला तेव्हापासून तो सेट घरभर पांगला होता. मोठा डबा, ज्याला लेक लाडानं ढोल्या म्हणायचा, माळ्यावर होता. दोन स्पीकर त्याच्याच शेजारी. तिसरा बाल्कनीचं दार आपटू नये म्हणून दाराला लावलेला. चौथा पुस्तकं कलू नयेत म्हणून फळीवर उभा. पाचवा काही केल्या सापडेना. शेवटी तो बायकोच्या शिलाई मशीनखाली निघाला. मशीनचा एक पाय आखूड होता आणि तो स्पीकर त्या पायाखाली बरोबर मापात बसला होता. बायको तो द्यायला तयार होईना. घड्याळजींनी एक लाकडी ठोकळा तासून, घासून, तेल लावून तिच्या हातात दिला तेव्हा ती तह करायला राजी झाली. तहाच्या अटीही घातल्या: भिंतीत एकही खिळा जाणार नाही आणि पायात एकही वायर येणार नाही.

सेटला तीन पिना होत्या, हिरवी, काळी आणि नारिंगी. हिरवी पुढच्या दोघांची, काळी मागच्या दोघांची, नारिंगी मधल्याची आणि ढोल्याची. टीव्हीच्या पाठीला मात्र असलं एकही भोक नव्हतं. होतं ते एक चौकोनी, लाल उजेड फेकणारं. घड्याळजी भिंग लावून त्यात बराच वेळ बघत राहिले आणि मग पिना खिशात घालून बाजारातल्या वायरवाल्याकडे गेले. वायरवाला तरुण, बोलका आणि सदा घाईत. त्यानं एक छोटी डबी काढून दिली. टीव्ही सगळे आवाज एकाच गाठोड्यात बांधून पाठवतो, तो म्हणाला, ही डबी ते गाठोडं सोडते आणि ज्याचं त्याला वाटते, बोलणं मधल्याला, आजूबाजूचे आवाज मागच्यांना. टीव्हीच्या सेटिंगमध्ये काय बदलायचं तेही त्यानं सांगितलं. डबीवरचा हिरवा दिवा लागला की समजायचं, सहाही जणांना वाटणी पोचली.

दोन संध्याकाळी या खटाटोपात गेल्या. घड्याळजींनी पुढचे दोन टीव्हीच्या दोन बाजूंना ठेवले, मधला टीव्हीच्या बरोबर खाली, ढोल्या कोपऱ्यात. सोफ्याच्या मागे स्वयंपाकघराचं दार. त्या दाराच्या एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला शिलाई मशीन. मागचे दोन तिथे गेले, एक कपाटावर आणि एक मशीनवर. वायर सतरंजीखालून नेली. बायको मागे उभी राहून काम बघत होती. एके काळी ही बाई फार पुटपुटायची. त्यांच्या पाठीमागे, त्या स्वयंपाकघराच्या दारात, दिवसभर काही ना काही चालू असायचं. गेली काही वर्षं मात्र शांत झाली होती. वयाबरोबर माणूस निवळतो हो, असं घड्याळजी मित्रांना कौतुकानं सांगायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी जंगलावरचा कार्यक्रम लावला. हिरवा दिवा लागला. आणि काय सांगावं, टीव्हीखालच्या त्या मधल्या स्पीकरमधून निवेदकाचा आवाज असा आला की जणू पाहुणाच समोर येऊन बसला. शब्द न् शब्द. हत्ती चालला तसा ढोल्या घुमला आणि कपाटातले कप किणकिणले, म्हणजे निदान हलताना तरी दिसले. घड्याळजींनी मांडीवर थाप मारली. लागलीच लेकीला फोन केला आणि निवेदकाची चार वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली. लेकीनं हार मानली. कानाचा विषय बंद झाला.

तेवढ्यात बायकोनं गर्रकन मान वळवून कपाटाच्या वर बघितलं.

"काय गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "जळमट दिसलं."

इथेच थांबले असते तर गोष्ट संपली असती. पण घड्याळजींच्या लक्षात आलं की मागचे दोन काही बोलत नाहीत. पुढून सगळं येतंय, मागे शांतता. त्यांनी बायकोला विचारलं, तुला मागून येतंय का काही? ती जरा घुटमळली. कपाटाकडे बघितलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. पैज जिंकल्याचा आनंद अजून त्या तोंडावर मावत नव्हता.

"नाही बाई," ती म्हणाली. "मला नाही ऐकू आलं काही."

मग मागचे दोन बंद आहेत हे ठरलं. आता पाचांतले दोन बंद ठेवून झोप लागेल तो घड्याळजी कसला? घड्याळात एक बारीकसं चाक मुकं असलं तर ते दुरुस्त झालं असं कुणी म्हणत नाही. त्यांनी दोन्ही स्पीकर उघडले, तारा साफ केल्या, सुटलेल्या जोडांना डाग दिले, परत बंद केले. काळी पिन काढून हिरवीच्या जागी लावून पाहिली, तर मागचे दोघे पुढच्यांच्या वाटणीचं घडाघडा बोलायला लागले. म्हणजे स्पीकर ठणठणीत. काळी पिन परत तिच्या जागी लावली, की मुके. म्हणजे दोष डबीत! दिवा लागतो तो नुसता दाखवायला. दिव्यावर काय विश्वास ठेवायचा, कानावर ठेवायचा.

जन्मभर घड्याळजींनी एका जातीच्या गिऱ्हाइकाचा राग केला होता. दुरुस्त केलेली वस्तू घेऊन परत येणारं, काउंटरवर ठेवणारं आणि म्हणणारं, अजून नीट नाही. आता ते स्वतः तेच झाले. वायरवाल्यानं एकदा डबी बदलून दिली. दुसऱ्यांदा कपाळाला हात लावून बदलून दिली. तिसऱ्यांदा घड्याळजी दुकानाची पायरी चढताना दिसले तेव्हा तो गिऱ्हाइकाच्या आड लपायला बघत होता. घड्याळजींनी तिथंच त्याचा उद्धार केला. हल्लीच्या मालात दम नाही, हल्लीच्या दुकानदारांना लाज नाही. शेवटी वायरवाला म्हणाला, काका, सुट्टीच्या दिवशी मीच घरी येतो आणि तुमच्या डोळ्यांदेखत लावून देतो.

त्या दिवशी लेकही आली होती. घड्याळजींनी मुद्दाम खुनाचा सिनेमा लावला, कारण त्यात आवाज भरपूर. वायरवाल्यानं पिना तपासल्या, दिवा बघितला, सेटिंग बघितलं आणि डोकं खाजवत खुर्चीत बसला. सगळे बसले. पडद्यावर एक रिकामी खोली होती. एक बाई एकटी बसून कुणाची तरी वाट बघत होती. ती काही बोलत नव्हती. कुणीच काही बोलत नव्हतं. घड्याळजींना ती शांतता फार आवडली. दिग्दर्शक चांगला दिसतो, असं त्यांच्या मनात आलं.

आणि त्यांनी पाहिलं, लेकीनं मान मागे वळवली. वायरवाल्यानंही वळवली. दोघं शिलाई मशीनकडे बघत होते.

"अहो काका, चालू तर आहे की," वायरवाला म्हणाला. "घड्याळ वाजतंय बघा मागे. किती स्वच्छ, टिकटिक टिकटिक."

"मला नाही ऐकू येत," बायको घाईघाईनं म्हणाली. "मला तर काहीच नाही ऐकू येत बाई."

पण घड्याळजी तिच्याचकडे बघत होते. म्हणायच्या आधी तिची मान मागे वळली होती. ती तिनं झटकन पुढे आणली आणि पदराशी चाळा करत बसली. या बाईला खोटं बोलता येत नाही. आणि हे खोटं ती पहिल्या संध्याकाळपासून बोलत होती, तिन्ही डब्यांच्या वेळी, एकदाही न चुकता.

दुसरा कुठला आवाज असता तरी चाललं असतं. पाखरू असतं, पाऊस असता, तर त्यांनी वाद घातला असता. पण घड्याळ! आपल्याच घरात, आपल्याच पाठीशी, आपणच मांडलेल्या स्पीकरमधून घड्याळ चाललं होतं आणि खोलीत एकट्या घड्याळजींना ते ऐकू येत नव्हतं. त्यांना एकदम रडू येईलसं वाटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. लेक त्यांच्याकडे बघत होती आणि तिलाही सगळं कळलं होतं, पण तिनं पैजेचा विषय काढला नाही. पोरगी गुणाची, यात शंका नाही.

वायरवाल्याची त्यांनी माफी मागितली. डबी चांगली आहे, म्हणाले, जोडणाऱ्याचीच चूक होती. त्याला चहा पाजला आणि त्याच्या मनगटावरचं घड्याळ फुकट साफ करून द्यायचं कबूल केलं. तो सुटकेचा निःश्वास टाकून गेला. मग घड्याळजी बायकोकडे वळले.

"तुला मागचं ऐकू येत नाही म्हणालीस ना?"

"नाही येत," ती म्हणाली. आता मागे कसं फिरणार?

"मग हे काही बरोबर नाही. उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. तुला दाखवून आणतो."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "चला," ती म्हणाली. "एकटीला मला भीती वाटते. तुम्ही सोबत या."

डॉक्टरीणबाईंनी तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, आणि आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. आता सोंग घ्यायचं तर नीट घ्यावं! पण या बाईला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी परीक्षेला बसवलं होतं आणि तिथे ती इरेला पेटली. एकही आवाज सोडला नाही. बाहेर आली ती ताठ मानेनं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, या वयात असे कान मी पाहिले नाहीत, तुमची तक्रार तरी काय आहे?

"असं होय? बरं झालं बाई," बायको म्हणाली. "आता आलोच आहोत, तर यांचेही बघून घ्या."

घड्याळजी आत जाऊन बसले. त्यांच्या वेळी खोलीतली शांतता फार लांबली. बटण हातात होतं, अंगठा तयार होता, आणि काचेपलीकडे बायको श्वास रोखून त्यांच्या अंगठ्याकडे बघत होती. नंतर डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक रेघ दाखवली. जाड आवाज ठीक आहेत, बारीक आवाज गेले आहेत. पाखरं, किडे, बायकांची हळू बोलणी, आणि घड्याळं. घड्याळजी बघत राहिले. इतके दिवस जिला घाबरत होते ती हीच रेघ. दुकानातल्या यंत्रावर कुणाचं जुनं घड्याळ अशीच रेघ काढतं, आणि म्हणून काही कुणी ते फेकून देत नाही.

कानाचं मशीन आलं. पहिले दोन दिवस त्यांनी ते शिव्या देत घातलं, कारण पेपरचं पान उलटलं तरी दचकायला होत होतं. तिसऱ्या दिवशी दुकानात गेले आणि टेबलाखालचं यंत्र उचलून सरळ टेबलावर ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं. नेहमीचं एक गिऱ्हाईक आलं. घड्याळजींनी त्याचं घड्याळ सवयीनं कानाला लावलं, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. काय झालंय हो याला, गिऱ्हाइकानं काळजीनं विचारलं. काही नाही, घड्याळजी म्हणाले, चांगलं चाललंय.

त्या संध्याकाळी त्यांनी जंगलाचा कार्यक्रम पुन्हा लावला. कपाटावर कुठलंसं पाखरू बोललं आणि त्यांनी गर्रकन मान वळवली. तिथे खरंच जळमटबिळमट काही नव्हतं. शिलाई मशीनकडून किड्यांची किरकिर येत होती. पाचही जण बोलत होते, ढोल्या घुमत होता. जगात एवढे आवाज होते तर.

आणि मग आणखी एक आवाज आला. तो ना कपाटावरून होता ना मशीनवरून. त्या दोघांच्या मधून, स्वयंपाकघराच्या दारातून येत होता. घड्याळजींनी हळूच रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज कमी केला. मान वळवली नाही.

बायको पुटपुटत होती. म्हणजे ती गप्प झालीच नव्हती! इतकी वर्षं अखंड चालूच होतं. "बसलेत बघा राजे," ती म्हणत होती. "कपबशी तिथेच. हात मोडलेत का उचलायला? सतरंजीची तर पार वाट लावली वायरींनी. आणि जुना शर्ट घालून गेले ना आज दुकानात, नवा काय मढ्याला ठेवलाय?" पातेलं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग जरा थांबून, आणखी हळू, "पण हसले बाई आज. किती दिवसांनी. किती घाबरला होता माझा माणूस."

घड्याळजी समोर बघत बसून राहिले. पडद्यावर हत्ती पाणी पीत होते आणि त्यांना ते धुरकट दिसत होते.

टीव्ही एकदम हळू झाला आहे, हे बायकोच्या लक्षात आलं असावं. ती पुटपुटायची थांबली. पावलं सोफ्याच्या पाठीशी आली आणि थबकली. "अहो," तिनं संशयानं विचारलं, "तुम्हाला मागचं ऐकू येतंय का?"

"नाही बाई," घड्याळजी म्हणाले. "मला नाही ऐकू आलं काही."